ग्वाल्हेरची गोमंतकीय महाराणी

ग्वाल्हेरचा जयविलास राजवाडा बघायला गेलेला माणूस हमखास रेंगाळतो तो जेवणाच्या दालनात. लांबलचक मेजावर इवलेसे रूळ आणि त्यावर चांदीची आगगाडी. जेवण झाले की ती मद्य आणि चिरूट घेऊन पाहुण्यांपुढून फिरे. सुरई उचलली की थांबे. ही हौस माधवराव शिंदे महाराजांची. वाडा बांधला जयाजीरावांनी, १८७४ साली. थाट सगळा युरोपचा, पण जनान्यातला पडदा मात्र कडक.

याच माधवरावांशी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या कन्या इंदिराराजे यांचे लग्न ठरले होते. पहिल्या राणीला मूल नव्हते. मुलगी शिकलेली, वयात पंधरा वर्षांचे अंतर, आणि पुढे उभा तो पडदा! १९११च्या दिल्ली दरबारात कूचबिहारच्या जितेंद्र नारायणांशी तिचे सूत जुळले. आईवडिलांना न विचारता तिने थेट नियोजित वरालाच पत्र धाडले. बडोद्याला हे कळले ते ग्वाल्हेरहून तार आली तेव्हा. १९१३ साली लंडनमध्ये दोघांचे लग्न झाले. आईवडील गेले नाहीत.

माधवरावांनी मात्र आकांडतांडव केले नाही. सयाजीरावांना समजूतदार पत्र लिहून खाली 'आपला पुत्र' अशी सही केली, असे इंदिराराजेंच्या कन्या गायत्रीदेवी आत्मचरित्रात सांगतात. मला तर खानदानीपणा म्हणतात तो त्या चांदीच्या गाडीपेक्षा या सहीत जास्त दिसतो.

ही प्रेमकथा सगळ्यांना ठाऊक असते. पण मोडलेल्या लग्नाच्या जागी शिंद्यांच्या घरात कोण आली, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? ती आपल्या गोव्याची, राणे घराण्यातली. गजराराजे. १८५२ साली दीपाजी राणे आणि १८९५ साली दादा राणे पोर्तुगिजांविरुद्ध उठले, ते हेच राणे. बंडखोरांच्या कुळातली ही मुलगी निमूटपणे पडद्याआड गेली. तिच्या मनात काय होते, हे कुणी विचारले असेल असे वाटत नाही. इंदिराराजेंची हकिकत सांगायला लेक होती. गजराराजेंच्या लेकीला, कमलाराजेंना, १९३४ साली लग्नानंतर लगेचच मृत्यूने गाठले.

मुलगा जिवाजीराव १९१६ सालचा. इंग्लंडच्या बादशहावरून त्याला 'जॉर्ज' असेही नाव ठेवले होते. माधवराव १९२५ साली पॅरिसमध्ये वारले, तेव्हा गादीवर बसला तो हाच आठ वर्षांचा गोव्याचा भाचा. १९४६ साली ग्वाल्हेरला वैद्यकीय महाविद्यालय निघाले, त्याला आईचे नाव आहे. तिथे शिकणारी मुले आजही 'गजराराजा'ची म्हणूनच ओळखली जातात.