बुलढाण्याहून फणसाड : दर्याकाठच्या जंगलाची तयारी

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या घरांत सफर म्हटली की सैलानीची जियारत, एखादे लग्न, नाहीतर मुलांचे आजोळ. घाटावरचे असोत की घाटाखालचे, आपल्यापैकी पुष्कळांनी दर्या पाहिलेलाच नसतो. यंदा हिवाळ्यात आम्ही तीन घरांनी मिळून कोकणातले फणसाड अभयारण्य पाहायचे ठरवले आहे. पहिल्या यादीत फक्त पुरुष आणि मुलगे होते. ती वाचून झाल्यावर अम्मी म्हणाल्या, "हजला जाताना विमानातून दर्या पाहिला, पाय काही भिजले नाहीत." नववीतल्या भाचीचाही चेहरा उतरला होता. यादी नव्याने झाली. आता अकरा माणसे आहेत आणि तयारी त्या दोघींना धरून चालली आहे.

फणसाड रायगड जिल्ह्यात, मुरूड आणि रोहा तालुक्यांत आहे. पूर्वी ही जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांची शिकारीची राखीव जागा होती. संस्थान १९४८ साली विलीन झाले आणि १९८६ मध्ये सुमारे ७० चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. आपल्या ज्ञानगंगेच्या सागवानी, पानगळीच्या रानाची सवय असलेल्याला हे जंगल वेगळेच वाटेल. झाडी दाट, हिरवी आणि दर्या टेकडीपलीकडेच. इथे शेकरू म्हणजे मोठी खार आहे, बिबट्या आहे, दुर्मीळ झालेली गिधाडेही आहेत. गारंबीचा वेल झाडांवरून चढत जातो आणि त्याच्या शेंगा हातभराहून लांब असतात. पाणवठ्यांना तिथे 'गाण' म्हणतात. सकाळी लवकर अशा पाणवठ्याजवळ गप्प बसणे, हीच इथली खरी सैर. म्हणून मुलांना आतापासून सांगून ठेवले आहे : मोबाईलवर गाणी नाहीत, भडक कपडे नाहीत, वेफर्सची पिशवी परत आपल्याच झोळीत.

जाण्याची वाट सोपी आहे. मलकापूर, नांदुरा किंवा शेगावहून रात्रीची रेल्वे, सकाळी कल्याण. तिथून भाड्याची गाडी करून पेण, अलिबाग, रेवदंडा, काशीदमार्गे मुरूड. ज्यांना बोटीची हौस आहे त्यांच्यासाठी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो आहे. ती २०२० साली सुरू झाली. अभयारण्यात जायला सुपेगावची वाट आहे. प्रवेशाची वेळ, वाटाड्या आणि मुक्काम याबद्दल वनखात्याला आधी फोन करावा. पावसाळा टाळावा, तेव्हा जंजिऱ्याच्या होड्याही बंद असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ म्हाताऱ्या माणसांना सोसवतो.

जंजिरा पाहिल्याशिवाय ही सफर पुरी होत नाही. राजपुरीहून शिडाच्या होडीने किल्ल्यात जातात. चहूकडे खारे पाणी आणि आत गोड्या पाण्याचे तलाव, हे पाहून मुले चकित होतील. होडीतून उतरताना पायरी हलती असते, म्हणून अम्मींसाठी दोन तरुण हात आधीच नेमले आहेत. जवळच खोकरी इथे सिद्दी सरदारांचे दगडी मकबरे आहेत. आपले सिंदखेडराजा आणि हा जंजिरा एके काळी एकाच निजामशाहीशी बांधलेले होते, हे मुलांना तिथे उभे करून सांगता येईल.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. फेब्रुवारी २०१६ मध्ये पुण्याहून सहलीला आलेली १४ महाविद्यालयीन मुले-मुली मुरूडच्या किनाऱ्यावर बुडाली. ती कुणाची तरी लाडकी लेकरे होती. आपल्याला विहिरीची, धरणाची भीती कळते. ओहोटीची ओढ कळत नाही. पाणी गुडघ्याइतके दिसते आणि पायाखालची वाळू सरकते. भरती-ओहोटी चंद्रावर चालते आणि चांदची तारीख आपल्या घरात असतेच. चांद दिसतो त्या सुमारास आणि चौदा-पंधरा-सोळा तारखेला उधाण असते. आठ आणि तेवीसच्या आसपास पाणी मवाळ, त्याला कोकणात 'भांग' म्हणतात. पण भांगातही दर्या दर्याच असतो. रोजची वेळ किनाऱ्यावरच्या कोळ्यांना विचारावी. आमचा नियम ठरला आहे : घोट्याच्या वर पाणी नाही, मोठ्या माणसाचा हात सोडायचा नाही, आणि मोजदाद करणारा एकजण कोरडाच राहील.

बाकी बाबी किरकोळ आहेत. सफरीत जोहर, असर आणि इशाची नमाज कसर. मुरूडला मशिदी आहेत. तिथले कोकणी मुसलमान घरात आपल्यासारखी दखनी नव्हे, कोकणी बोलतात. ज्वारीच्या भाकरीऐवजी तांदळाची भाकरी आणि मासळीचे कालवण मिळेल. काट्याची सवय नसलेल्या लहानग्यांसाठी खिचडीचे सामान सोबत ठेवावे. अम्मींची औषधे दोन पिशव्यांत विभागून घ्यावीत.

आणि निघण्यापूर्वी एक दिवस ज्ञानगंगेला द्यावा. टिपेश्वरहून निघालेला वाघ २०१९ साली शेकडो कोस चालत तिथे पोहोचला होता. आपल्या रानात शांत बसायला शिकलेले मूल फणसाडमध्येही शांत बसेल. खर्च तीन घरांत वाटला की लग्नाच्या एका आहेराहून फार जास्त येत नाही. यादी करताना मात्र पहिले नाव घरातल्या त्या माणसाचे लिहावे, जे आजवर मागे राहून घर सांभाळत आले.