शेवटच्या गुंड्यापर्यंत

लोकरीचं दुकान चांगलं की वाईट, हे आपण बायका बहुतेक पहिल्या खेपेलाच ठरवून टाकतो. रंग किती होते, भाव काय लावला, दुकानदार धड बोलला का, यावरून. हा निकाल मला घाईचा वाटतो. तयार स्वेटर घेतला की व्यवहार संपतो. लोकर घेतली की तो तिथून सुरू होतो. घरचं सगळं सांभाळून मोठ्या माणसाचा स्वेटर विणायला महिने लागतात. पाठ, पुढचे भाग, बाह्या झाल्या आणि गळ्याचे टाके उचलताना लोकर संपत आली, की पुन्हा त्याच दुकानाची पायरी चढावी लागते. दुकानाची खरी पारख या दुसऱ्या खेपेला होते, असं माझं ठाम मत आहे.

कारण आहे लॉट नंबर. गुंड्याच्या कागदी पट्टीवर रंगाच्या क्रमांकाशेजारी तो छापलेला असतो आणि नवशिकी विणणारी ती पट्टी पहिल्याच दिवशी फेकून देते. लोकर एका वेळी एक लॉट अशी रंगवली जाते. रंगाचं माप, पाण्याचा गुण, तापमान यांत थोडा फरक पडला तरी पुढच्या लॉटची छटा बदलते. दोन गुंडे दुकानातल्या ट्यूबलाइटखाली शेजारी धरले तर सारखेच दिसतात. विणल्यावर मात्र उन्हात छातीवर आडवा पट्टा उठून दिसतो. म्हणून लोकर घेताना ‘पट्टी जपून ठेवा’ असं आपणहून सांगणारा, दुसरा लॉट हाती देताना तसं स्पष्ट बोलणारा आणि ‘दोन ओळी जुन्या गुंड्याच्या, दोन नव्या, असं विणत जा, म्हणजे फरक मुरेल’ हा उपाय सुचवणारा दुकानदार मला दहा टक्के सवलत देणाऱ्यापेक्षा मोलाचा वाटतो.

यावर कुणी म्हणेल, आधीच दोन गुंडे जास्त घ्यावेत. बरोबर आहे, पण किती जास्त? हाताचा ताण प्रत्येकीचा वेगळा. दहा सेंटिमीटरमध्ये २२ टाके धरून ८८ सेंटिमीटर घेरासाठी १९४ टाके घातले आणि प्रत्यक्षात दहा सेंटिमीटरमध्ये २४ बसले, तर घेर ८१ सेंटिमीटरच्या आसपास येतो. म्हणजे उसवा आणि पुन्हा हिशेब करा. पिळाच्या विणीला साध्या विणीपेक्षा लोकर जास्त लागते, ती वेगळीच. अंदाज चुकणार हे दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघांनाही ठाऊक असताना त्याचा सगळा भुर्दंड गिऱ्हाइकावर का? न उघडलेला, पट्टी शाबूत असलेला गुंडा परत घेणं किंवा बदलून देणं हा उपकार नव्हे, या धंद्याचा भागच आहे.

दुकानदाराची बाजूही आहे. आपल्याकडे थंडी थोडी, गिऱ्हाईक हंगामी. बाळंतविड्याच्या टोपऱ्या-मोज्यांची मागणी वर्षभर असली तरी एका जोडीला लोकर लागते ती किती! अशात कुणाकुणासाठी गुंडे अडवून ठेवले तर भांडवल अडकतं आणि ती बाई फिरकलीच नाही तर माल पडून राहतो. ही अडचण मला खरी वाटते. पण थोडी रक्कम आगाऊ घेऊन, महिन्या-दोन महिन्यांची मुदत घालून, पिशवीवर नाव लिहून गुंडे राखता येतात. अशी आगाऊ रक्कम मी आनंदाने देईन. लोकर ऑनलाइन स्वस्त मिळते, रंगही जास्त दिसतात, हे मान्यच. आडगावच्या विणणारीला तर तोच आधार. पण तिथे पुढची मागणी नोंदवताना हवा तो लॉट मिळेल याची खात्री क्वचितच असते. तुळशीबागेतलं किंवा दादरचं दुकान स्वस्ताईत ऑनलाइन विक्रेत्यांशी बरोबरी करू शकणार नाही. त्याने बिलावर लॉट नंबर लिहून द्यावा आणि बदलून घ्यायची मुदत तिथेच नमूद करावी. तेवढ्यासाठी गुंड्यामागे चार पैसे जास्त मोजायला माझी ना नाही.