एक घास कमी

कुत्र्याच्या बाबतीत मराठी भाषा फारशी उदार नाही. कोणाची दुर्दशा सांगायची तर त्याचे हाल कुत्रा खात नाही असे आपण म्हणतो. स्वभाव बदलत नाही हे सांगायला त्याचे शेपूट नळीत घालतो. तरीही याच भाषेच्या श्रद्धाविश्वात दत्तात्रेयाच्या पायांशी चार श्वान वेदरूपाने उभे आहेत, खंडोबाचा भक्त स्वतःला वाघ्या म्हणवतो आणि पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावतात. ही विसंगती मी वर्गात अनेक वर्षे शिकवली. तिच्याशी माझा घरगुती संबंध येईल, असे मात्र कधी वाटले नव्हते.

निवृत्तीनंतर मी मुलीकडे येलहंक्यास राहावयास आलो. १५३७ साली बेंगळूरूची पायाभरणी करणाऱ्या केंपेगौडांच्या घराण्याचे हे जुने ठाणे. आता हवाई दलाचा तळ आणि रेल्वेची चाके घडवणारा कारखाना ही त्याची ओळख. दिवसभर घरी मी, स्वयंपाकाच्या बाई आणि ‘बिस्किट’. नातीने ठेवलेले हे नाव रस्त्यात मोठ्याने उच्चारताना माझ्या डॉक्टरेटला प्रथम संकोच होई.

बिस्किट लॅब्रॅडॉर जातीचा. नाव लॅब्रॅडॉरचे असले, तरी या जातीचे मूळ शेजारच्या न्यूफाउंडलंड बेटावरचे. तेथील कोळ्यांची जाळी ओढणारे हे कुत्रे पुढे इंग्लंडात गेले आणि १९०३ साली तेथील केनेल क्लबने त्यांना स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. बोटांमधले पडदे, पाणमांजरासारखे जाड शेपूट, पाणी झटकणारी दुहेरी लव ही त्या थंड समुद्राची देणगी. येलहंक्याच्या एप्रिलात हीच लव त्याला भार होते. म्हणून त्याला पहाटे फिरवायचे, रोज विंचरायचे, आंघोळीनंतर लोंबते कान कोरडे करायचे. राखणदारी त्याच्या रक्तात नाही. चोर आला तर त्याचेही तो स्वागत करील. पण माझे वर्तमानपत्र तो दाताची खूण न उमटवता आणून देई.

“बाबा, त्याला मोजूनच द्यायचं हं. तो मागेल, तुम्ही देऊ नका,” असे मुलीने बजावले होते. मी दिले. दुपारी पोळी, चारला खारी, रात्री दहीभात. लेखकांच्या बाबतीत कठोर म्हणून ख्याती पावलेला मी त्या दोन डोळ्यांपुढे टिकलो नाही. दीड वर्षात त्याचे वजन ४२ किलो झाले आणि एका सकाळी त्याला जिना चढवेना.

खुब्याच्या सांध्यातला दोष या जातीत आनुवंशिक असतो. वजनाने तो बळावतो, असे डॉक्टरांनी क्ष-किरणचित्र दाखवून सांगितले. वरचे खाणे कोण देते, असेही विचारले. मी म्हणालो, “बाई देत असतील.”

संध्याकाळी मुलगी बाईंना बोलली. त्या माझ्याकडे एकदा पाहून भांडी घासू लागल्या. त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी सर्वांसमक्ष मी खरे सांगितले आणि बाईंची क्षमा मागितली. “असू द्या, सर,” त्या म्हणाल्या. तेवढ्याने ते पुसले गेले असे मी मानत नाही.

मग मी वाचू लागलो. तृप्तीचा संदेश देणाऱ्या एका जनुकाचा तुकडा सुमारे एक चतुर्थांश लॅब्रॅडॉरांत गळालेला असतो, असे केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवले. ४८ लॅब्रॅडॉरांच्या आयुष्यभराच्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पाव हिस्सा कमी अन्न मिळालेले कुत्रे सरासरीने जवळजवळ दोन वर्षे अधिक जगले. ज्या डोळ्यांत मी माझ्यावरची माया वाचत होतो, तेथे बहुधा न शमणारी भूक होती. आयुष्यभर संहिता वाचणाऱ्याने आपल्या सोयीचा अर्थ काढला होता.

आता दोन वेळा तोलून खाणे, दोन वेळा सपाट रस्त्यावर फिरणे. वजन ३५ किलोवर आले आहे. जिना मात्र तो थांबत थांबत चढतो. नामदेवांनी कुत्र्यामागे तूप नेले. माझ्या वाट्याला ते आवरण्याचे काम आले आहे. दुपारी तो अजून खुर्चीशी येऊन बसतो. पोळीचा शेवटचा घास मी भिंतीकडे तोंड करून खातो.