५ एप्रिल

माजरीत आत्ताच ऊन सोसवत नाही. कोळशाची धूळ खिडकीच्या चौकटीवर परत बसली आहे. पंडिता रमाबाई १९२२ साली आजच्याच तारखेला गेल्या, म्हणून सकाळपासून त्यांचाच विचार चालू आहे.

१८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात आल्या. आपला चांदा जिल्हाही तेव्हा मध्यप्रांतातच होता. उपाशी, अनाथ मुली, बालविधवा त्यांनी सोबत नेल्या आणि केडगावला त्यांच्यासाठी 'मुक्ती' ही संस्था उभी राहिली. दुष्काळाने रमाबाईंचे स्वतःचे आईवडील आणि बहीण नेली होती. उपाशी पोर पाहून त्यांना काय वाटलं असेल, हे वेगळं सांगायला नको.

१८८३ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण बुद्धी कुणाकडे गहाण टाकली नाही. तिथल्या धर्मभगिनींशी पत्रांतून वाद घातले, शाकाहार सोडला नाही. अशी श्रद्धा मला फार खरी वाटते. इकडे आपल्या लोकांनी त्यांना परकं ठरवलं, याचा मला आजही राग येतो.

उतारवयात हिब्रू आणि ग्रीक अभ्यासून त्यांनी बायबल सोप्या मराठीत आणलं. शेतात राबणाऱ्या बाईलाही ते कळावं, ही तळमळ. छपाई मुक्तीतच. ज्या मुलींना अक्षरओळख नव्हती, त्या शिकल्या आणि छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. १९२१मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही.

रमाबाईंबद्दल शाळेत आम्हाला दोनच ओळी होत्या. पुतणी आता दहावीला आहे. केडगावला तिला घेऊन जायचं ठरवलंय.