सातव्या अ‍ॅव्हेन्यूवरची कापडखरेदी

मंडळी, न्यूयॉर्कला टाइम्स स्क्वेअर बघून झाला की दोन-तीन रस्ते दक्षिणेला चालत या. सातव्या अ‍ॅव्हेन्यूवर, ३९व्या रस्त्याजवळ, शिवणयंत्रावर वाकलेल्या शिंप्याचा ब्रॉन्झचा पुतळा दिसेल. ज्युडिथ वेलर यांनी १९८४ साली तो आपल्या शिंपी वडिलांवरून घडवला. आसपासच्या गल्ल्यांत कापडाची दुकानं आहेत.

लेकीला लग्नाचा गाऊन घरीच शिवलेला हवा होता, म्हणून आम्ही मायलेकी तिथे गेलो. पांढऱ्यातही किती छटा! शुभ्र, मोतिया, हस्तिदंती. दुकानातल्या दिव्यांत फरक कळत नाही. नमुन्याचा तुकडा मागून घ्यावा नि दारात उजेडात बघावा. पन्हा आधी विचारावा, कारण ४५ इंची कापड ६० इंचीपेक्षा जास्त वार लागतं. आणि सगळं कापड एकाच थानातून घ्यावं. दोन थानांची छटा जुळेलच असं नाही.

लेकीने निवडलेलं डुपियन रेशीम निघालं बंगलोरचं! पांढरी नवरी आजीला मुळीच पसंत नव्हती. फोनवर हे ऐकून म्हणाली, "मग माहेरचंच आहे की!"

आता सकाळी मामाकडची पिवळी अष्टपुत्री आणि संध्याकाळी गाऊन, असं ठरलंय.