बाटली ठेवायची की उघडायची : माणदेशी टिपणं

● पोर्ट या गोड पोर्तुगीज वाइनमधली ‘लेट बॉटल्ड व्हिंटेज’, बोलण्यात नुसती एलबीव्ही. एकाच सालच्या द्राक्षांची. चार ते सहा वर्षं लाकडी पिंपात मुरते, मग बाटलीत भरतात. अस्सल व्हिंटेज दोन-तीन वर्षांतच बाटलीत जाते आणि पुढचं सगळं म्हातारपण तिथेच काढते. एलबीव्हीने त्यातलं थोडं पिंपातच उरकलेलं असतं. टेलर कंपनीने १९६५ सालची अशी पोर्ट १९७० मध्ये बाजारात आणली, तेव्हापासून हा प्रकार रुळला.

● चाखण्याआधी बूच बघावं. टोपीवालं, हाताने निघणारं बूच म्हणजे बहुधा गाळून भरलेली, लगेच प्यायची बाटली. लेबलवर ‘अनफिल्टर्ड’ असेल आणि आत ठोकून बसवलेलं लांब बूच असेल, तर ठेवण्याचा विचार करता येतो. तिच्यात पुढे गाळ बसतो, तो दोष नव्हे. आदल्या दिवशी बाटली उभी करून ठेवावी, हलक्या हाताने ओतावी.

● गोडव्यावर भाळू नये. निम्मी साखर शिल्लक असतानाच ७७ टक्के मद्यार्काचं द्राक्षमद्य ओतून आंबणं थांबवतात. त्यामुळे गोडवा आणि वीस टक्क्यांच्या आसपास मद्यार्क प्रत्येक बाटलीत असायचेच. पुढचं सांगतो तो तुरटपणा. घोट गेल्यावर हिरड्या आवळल्या जातात का? आटपाडीच्या डाळिंबाचा पांढरा पापुद्रा दाताखाली यावा, तसा? मग आंबटपणा : तोंडाला पाणी सुटतं का? आणि या दोन्हींच्या पोटात फळ ताजं आहे का? तुरटपणा उभा, पण फळ सुकलेलं, अशी बाटली ठेवून सुधारत नाही.

● आणखी एक कसोटी. उघडलेली बाटली बूच लावून ठेवावी, रोज एक घोट घ्यावा. तिसऱ्या दिवशी पहिल्या दिवसापेक्षा खुलली, तर तिच्या न उघडलेल्या जोडीदारिणीत दम आहे. दुसऱ्याच दिवशी मान टाकली, तर जोडीदारीणही लवकर संपवावी.

● पोर्ट येते त्या पोर्तुगालच्या दोरू खोऱ्याचा स्पेनकडचा भाग : वर्षाला चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, रणरणता उन्हाळा, खडकाळ उतार. दहिवडी-म्हसवडच्या माणसाला हे वर्णन ओळखीचं वाटेल. पण तिथला वेल हिवाळ्यात झोपतो. आपला झोपतच नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, आणि माल फेब्रुवारी-मार्चच्या चढत्या उन्हात.

● २००१ च्या राज्याच्या वाइन धोरणानंतर नाशिककडच्या विंचूरप्रमाणे सांगलीकडच्या पलूसलाही वाइन पार्क झालं. पुढे नाव मात्र नाशिकचंच झालं. माणला लागून असलेल्या माळशिरस तालुक्यात, अकलूजकडे, इटलीची सँजिओवेझे ही द्राक्षजात रुजली. सांगलीकडची बरीच द्राक्षं तर वाइनऐवजी बेदाण्यालाच जातात.

● ठेवू की विकू, हा प्रश्न बेदाणेवाल्याला दरवर्षी पडतो. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा. मार्चच्या भावात द्यायचा की स्टोरेजला टाकून दिवाळीपर्यंत थांबायचं? रंग, गर, ओल पाहून तो ठरवतो. पण स्टोरेज मिळणार नसेल, तर उत्तम मालाचाही हिशेब बदलतो. पोर्टवर लिहिणारे मात्र ‘पंधरा वर्षं टिकेल’ असं लिहितात तेव्हा थंड तळघर गृहीत धरतात.

● त्यांचं तळघर वर्षभर बारा-चौदा अंशांचं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर चाळीसच्या वर, पत्र्याखाली त्याहून जास्त. बाटलीतला द्रव फुगतो, बूच ढकलतो, हवा शिरते, फळाला शिजल्याचा वास येतो. दुकानात उन्हाळा काढलेल्या बाटलीचं हे आधीच झालेलं असू शकतं. बुचाच्या कडेला चिकट ओघळ दिसला, तर सालाचं कौतुक ऐकू नये.

● सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत हळद वर्षानुवर्षं राहायची : जमिनीखाली, अंधारात, हवा कोंडलेली. अंधार, कोंडलेली हवा, न हलणारं तापमान. बाटलीलाही हेच हवं. २००५ च्या पुराने त्या पेवांची मोठी हानी केली.

● तेव्हा निकाल : तुरट, आंबट, भरल्या फळाची, लांब बुचाची एलबीव्ही थंड कपाटात आडवी ठेवली तर दहा वर्षं सहज निघतील. कपाट नसेल तर माणदेशात तिचं आयुष्य पुढच्या होळीपर्यंतच मोजावं आणि थंडीतच चार माणसं बोलावावीत.