पांढरी एक, पांढरी चार

एम.ए.ला मराठी घेऊन पास झालेल्या आणि गेली अठरा वर्षे महाविद्यालयात 'रसास्वाद' या विषयावर व्याख्याने झोडणाऱ्या माणसाला स्वतःला रसास्वाद घेता येतो, अशी त्याच्या विद्यार्थ्यांची समजूत असते. त्या माणसाची स्वतःचीही असते. माझीही होती. मुंबईला नरिमन पॉइंटवरच्या एन.सी.पी.ए.च्या थंडगार सभागृहात ती एका संध्याकाळी पहिल्यांदा डळमळली.

आमच्या इंग्रजी विभागातल्या एका स्नेह्याने आग्रहाने मला पियानो ऐकायला नेले होते. वादकाने एक द्रुत भाग मोठ्या झोकात संपवला. शेवटचे दोन-तीन स्वरसमूह असे ठासून वाजवले की, सम आली म्हणजे आपला हात मांडीवर पडतो, तसे माझे दोन्ही हात आपोआप एकमेकांवर आदळले. टाळी वाजली, पण एकट्याची! पुढच्या रांगेतल्या चार-पाच माना मागे वळल्या. वादक हात मांडीवर ठेवून शांत बसला होता. सोनाटाचे तीन भाग असतात आणि आता कुठे पहिलाच संपला होता, हे मला परतीच्या विरार लोकलमध्ये समजले. स्नेह्याने ते इतक्या सौजन्याने समजावून सांगितले की, त्यापेक्षा तो हसला असता तर बरे वाटले असते.

शरमेवर प्राध्यापकाचा एकच उपाय असतो : पुस्तक. मी पुस्तके आणली. त्यात पेन्सिलीने खुणा केल्या. सोनाटाच्या पहिल्या भागात आधी दोन सुरावटी मांडतात, मग त्या निरनिराळ्या पट्ट्यांत फिरवतात आणि शेवटी मूळ पट्टीत घरी आणतात, हे मला पाठ झाले. दोन-तीन महिन्यांत माझी इतकी प्रगती झाली की, सोनाटा म्हणजे काय हे मी कुणी विचारले नसतानाही सांगू लागलो.

आमचे घर आगाशीला. विरारला उतरून अर्नाळ्याच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात आमचे गाव येते. तळे, तळ्याजवळची देवळे, केळीच्या वाड्या आणि त्या केळ्यांची सुकेळी, ही आगाशीची ओळख बहुतेकांना असते. पण आमच्याकडे देवळाच्या घंटेइतकाच चर्चच्या घंटेचाही नाद कानावर पडतो. १५३४ साली वसई पोर्तुगिजांच्या हाती गेली आणि १७३९ साली चिमाजीअप्पांनी ती जिंकून घेतली. राज्य गेले, पण प्रार्थना मागे राहिली, आणि ती आज आमच्या मराठीतून चालते. त्या प्रार्थनेबरोबर वाद्येही राहिली. इकडच्या ख्रिस्ती लग्नात बँड वाजतो आणि एखाद्या घरातून व्हायोलिनचा सूर सहज कानी येतो.

आमच्या शेजारच्या घरातून मात्र पियानो ऐकू येई. पियानो म्हणजे विजेवर चालणारा. समुद्रकाठच्या दमट हवेत जुन्या लाकडी पियानोचे लाड कोण पुरवणार? शेजारच्या बाईंची तेरा वर्षांची मुलगी लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षेला बसणार होती. रोज संध्याकाळी पाच ते सहा ती एकच गत घोटत असे. मोत्सार्टचा सी मेजरमधला सोनाटा, सूचीतला क्रमांक ५४५, त्याचा पहिला भाग. आपल्या भाषेत सांगायचे तर सा, ग, प, मग खालचा नी आणि 'सा रे सा' अशी अगदी निर्मळ सुरुवात. पण चार ओळी पुढे गेल्या नाहीत तोच सप्तकांच्या लाटा सुरू होतात. एक लाट चढते, उतरते. दुसरी एक सूर खालून चढते, उतरते. तिथे ती मुलगी हटकून अडखळे, थांबे, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करी.

गेल्या पावसाळ्यात माझी आई न्हाणीघरात घसरून पडली. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, आणि आई खिडकीजवळच्या पलंगाला खिळली. तीस वर्षे गावच्या महिला भजनी मंडळात पेटी वाजवणारी ही बाई, पण आता तिने बोलणेच टाकले. ताट तसेच परत येई. डॉक्टर म्हणत, "वॉकर घेऊन उभं राहायलाच हवं." ती भिंतीकडे तोंड करून पडून राही.

अशा घरात रोज तासभर तीच लाट आणि तेच अडखळणे! तिकिटे काढून जे संगीत ऐकायला मी चर्चगेटपर्यंत जात होतो, तेच शेजारून फुकट येऊ लागल्यावर मला कटकट वाटू लागले. शेवटी एके दिवशी मी शेजारी गेलो.

"आईला जरा विश्रांती हवी आहे," मी म्हटले.

"चुकलंच आमचं, सर," बाई म्हणाल्या. "घरात आजारी माणूस आहे, हे आमच्या ध्यानात यायला हवं होतं."

मुलगी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती कानांना हेडफोन लावून वाजवू लागली. विजेच्या पियानोची ती एक सोय असते. वाजवणाऱ्याला सारे ऐकू येते आणि जगाला काही नाही.

तीन दिवस घर शांत होते. चौथ्या दिवशी संध्याकाळी आईने भिंतीकडचे तोंड खिडकीकडे वळवले.

"ती पोर आजारी आहे का रे?"

"कुठली पोर?"

"शेजारची. तीन दिवस झाले, वाजवत नाही. त्या पायऱ्यांवर रोज अडते बिचारी. परवा तीन पायऱ्या नीट उतरली होती. मला वाटलं, उद्या चौथी उतरेल."

मी गप्प झालो. आई मात्र कितीतरी दिवसांनी बोलत होती.

"आणि गंमत काय सांगू? सुरुवात करते ती पांढरी एकवर. मग इकडं तिकडं फिरते, मध्ये थोडा अंधार येतो, कोमल सूर लागतात. मग तीच चाल परत येते. पण कशी येते? पांढरी चारवर! मी पहिल्यांदा म्हटलं, पोर चुकली. पण रोजच तशी येते. म्हणजे बांधणाराच तसा आहे. लबाड आहे हो!"

पेटीवरची पांढरी एक म्हणजे त्यांचा सी, पांढरी चार म्हणजे एफ. मी उठलो, कपाटातले पुस्तक काढले. पेन्सिलीची खूण केलेल्या पानावर स्पष्ट लिहिले होते : रिवाजाप्रमाणे पहिली सुरावट मूळ पट्टीतच परतायची, मोत्सार्टने या सोनाटात ती चौथ्या स्वराच्या पट्टीत आणली आहे. ते वाक्य मी अधोरेखित केले होते. ती गत महिनाभर माझ्या कानांवर आदळत होती. आणि त्या दोन गोष्टींची माझ्या डोक्यात एकदाही गाठ पडली नव्हती!

मी पुन्हा शेजारी गेलो. जाताना पाय जड झाले होते.

"ते कानांचं यंत्र काढ, बाळ," मी त्या मुलीला म्हटले. "आजी वाट पाहतेय."

"पण मी अडते ना, काका."

"तिला ठाऊक आहे, कुठं अडतेस ते."

त्यानंतर मी त्या सोनाटाची अधिक चौकशी केली. या वेळी मिरवण्यासाठी नव्हे. मोत्सार्ट आपल्या रचनांची एक वही ठेवी. २६ जून १७८८ या तारखेला त्याने या सोनाटाची नोंद केली आणि पुढे लिहिले की, ही नवशिक्यांसाठी आहे. त्याच तारखेला एका मोठ्या सिंफनीचीही नोंद आहे. त्यानंतर तिसऱ्या दिवशी, २९ जूनला, त्याची सहा महिन्यांची मुलगी वारली. आणि २५ जुलैला वहीत जी मायनरमधल्या सिंफनीची नोंद झाली. तिच्याच आरंभावरून सलील चौधरींनी १९६१ सालच्या 'छाया' चित्रपटातले तलत आणि लताचे द्वंद्वगीत बांधले. ते गुणगुणताना आपण व्हिएन्नाच्या एका कर्जबाजारी माणसाचा उन्हाळा गुणगुणत असतो, हे आपल्या गावी नसते. नवशिक्यांचा सोनाटा मात्र त्याच्या हयातीत छापलाच गेला नाही. १७९१ साली तो वारला; सोनाटा छापून निघाला १८०५ साली. आर्टुर श्नाबेल नावाचा एक थोर पियानोवादक म्हणे की, मोत्सार्टचे सोनाटा मुलांना फार सोपे आणि कलावंतांना फार अवघड असतात. श्रोत्यांचे काय, ते मी माझ्या घरात पाहत होतो.

कारण आता पाच वाजले की आई उठून बसू लागली. पियानो सुरू झाला की मी वॉकर पुढे करी आणि ती उभी राही. शेजारी एक पोर सुरांच्या पायऱ्या उतरत होती आणि इकडे एक पंचाहत्तर वर्षांची बाई पलंगापासून दारापर्यंत पावले मोजत होती. ती अडली की ही थांबे. ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करी, की ही पुन्हा पलंगापाशी येऊन निघे. "आज पाचवी पायरी," आई मला सांगे. कुणाची ते मी विचारीत नसे.

माझी पुस्तके वाया गेली, असे मी म्हणणार नाही. ऐकलेल्या गोष्टीला नाव देणे, हे पुस्तकाचे काम. आणि नाव कळले की ऐकणे अधिक गोड होते. पण आधी ऐकलेले असावे लागते. मी वर्गात मुलांना कवितेचे नाव, वृत्त, अलंकार सारे सांगतो. त्या कवितेपाशी महिनाभर पडून राहा, असे मात्र कधी सांगितले नव्हते.

टाळीचेही मला त्याच सुमारास कळले. ३ जुलै १७७८ रोजी मोत्सार्टने पॅरिसहून वडिलांना पत्र लिहिले. आपल्या नव्या सिंफनीत एक जागा लोकांना आवडणार हे आपल्याला माहीत होते, आणि ती येताच भर वादनात टाळ्या पडल्या, हे त्यात त्याने आनंदाने कळवले आहे. त्याच पत्रात आई फार आजारी असल्याचेही लिहिले आहे. खरे म्हणजे ती त्याच दिवशी गेली होती. वडिलांना धक्का बसू नये म्हणून त्याने ते लपवले. अशा रात्रीही त्या टाळ्या सांगाव्याशा वाटणाऱ्या माणसाला माझी एकट्याची टाळी खासच खटकली नसती.

मुलीची परीक्षा झाली. ती पास झाली, हे सांगायला ती पेढे घेऊन आली आणि म्हणाली, "आजी, आता नवी गत घेतलीय." आईचा चेहरा उतरला.

"जुनी एकदा वाजव की. पण इथून नको. मी येते."

आमच्या दारापासून त्यांच्या ओट्यापर्यंत चाळीस पावले आहेत. आईने ती वॉकर घेऊन टाकली. शेजारच्या बाईंनी खुर्ची दिली. मुलीने वाजवायला सुरुवात केली. पायऱ्या सगळ्या नीट उतरल्या. आई थोडी हिरमुसल्यासारखी वाटली, इतक्या त्या नीट उतरल्या. मधला अंधार आला. आणि मग चाल परत आली, पांढरी चारवर.

"वा!" आई म्हणाली आणि तिने टाळी वाजवली. अगदी मध्येच. मुलगी दचकली, तिचा एक सूर हुकला. पण ती हसली आणि वाजवत राहिली. मीही टाळी दिली. या वेळी आम्ही दोघे होतो.

परतताना आई ओट्यावर जरा टेकली.

"बघितलंस ना," ती म्हणाली, "घरी तर यायचंच असतं. पण ती आधी शेजारी जाऊन येते."